दरवर्षी दान किती आणि कुठे? (उत्तर जरा लांब झालंय)

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नवरा-बायको दोघं नोकरीला, मिळून महिन्याला दीड लाख हातात येतात, नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय त्याचा हप्ता चालू आहे, एक मुलगी. दरवर्षी देता नक्की, पण कधी मार्चमध्ये टॅक्ससाठी घाईघाईत, कधी सासऱ्यांच्या तिथीला एखाद्या आश्रमात जेवण, कधी व्हॉट्सॅपवर आलेल्या ऑपरेशनच्या मेसेजला, आणि वर्ष संपल्यावर कळत नाही किती गेले आणि नीट जागी गेले का. तर किती द्यावं, कुठे द्यावं आणि मुलीला सोबत न्यावं का.

मी नाशिकमधल्या विशेष मुलांच्या एका छोट्या निवासी संस्थेचा बरीच वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे देणाऱ्याची बाजू आणि घेणाऱ्याची बाजू दोन्ही बघितल्यात, त्यावरून सांगतो.

आकडा आधी ठरवा, कोणी मागायच्या आधी. माझं सगळ्यात ठाम मत हेच आहे. समोर कोणी उभं असताना किंवा फोटो बघून डोळ्यात पाणी आलेलं असताना आपण जो आकडा काढतो तो त्या क्षणाचा असतो, मग पुढचा माणूस येतो तेव्हा हात आखडतो आणि त्या बिचाऱ्याची गरज कदाचित जास्त असते. एप्रिलमध्ये दोघांनी शांतपणे बसून वर्षाचा आकडा कागदावर लिहा.

किती, तर ह्याला एकच असं उत्तर नाही. शिखांमध्ये दसवंध म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, मुसलमानांमध्ये जकात अडीच टक्के पण ती पगारावर नाही, वर्षभर साठून राहिलेल्या संपत्तीवर, आणि मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्याने नफ्याचे २ टक्के सीएसआरला, म्हणजे समाजोपयोगी कामांना, खर्च करावे लागतात. मी नवीन लोकांना २ टक्क्यांपासून सुरू करा म्हणतो, कंपनीला जे कायद्याने करावं लागतं तेवढं आपण मनाने करावं. तुमचे वर्षाचे १८ लाख म्हणजे ३६,००० झाले, महिन्याला ३,०००. मग दर इन्क्रिमेंटला अर्धा टक्का वाढवत न्या, पाच टक्क्यांपर्यंत गेलात तरी घराला जाणवत नाही असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय. फक्त आधी घरातल्या सगळ्यांचा मेडिक्लेम, सहा महिन्यांचा खर्च बाजूला, आणि क्रेडिट कार्डाची किंवा पर्सनल लोनची थकबाकी असेल तर ती पहिली फेडा. होम लोन चालू आहे म्हणून थांबायची गरज नाही, ते वीस वर्षं चालूच राहणार आहे. आणि अजून एक, घरी काम करणाऱ्या मावशींचा दिवाळीचा बोनस ह्यात धरू नका, तो त्यांचा हक्क आहे, दान नाही. त्यांच्या मुलाची कॉलेजची फी भरलीत तर ती धरा, आणि शक्यतो कॉलेजमध्ये जाऊन भरा.

टॅक्सचं एकदाच सांगून टाकतो. इन्कम टॅक्सच्या नवीन रिजीममध्ये असाल तर ८०जीचा, म्हणजे दानावर मिळणाऱ्या वजावटीचा, काही उपयोग नाही, ती वजावट जुन्या रिजीममध्येच मिळते. जुन्यातही बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्मीच वजावट असते, म्हणजे १०,००० दिले तर ५,००० उत्पन्नातून कमी होणार आणि ३० टक्क्यांच्या स्लॅबला साधारण दीड हजार वाचणार. रोख २,००० च्या वर दिलं तर तेही नाही. पावतीबरोबर दानाचं सर्टिफिकेट (१०बीई) मागा, संस्थेने ते ३१ मे पर्यंत द्यायचं असतं. एवढ्यासाठी मार्चची धावपळ करण्यात अर्थ नाही.

आता कुठे द्यायचं.

पितृपक्षात आमच्या संस्थेत एकेका दिवशी तीन-तीन घरून जेवण यायचं, खीर, वडे, सगळं साग्रसंगीत, फ्रीजमध्ये ठेवायला जागा नसायची, मुलांची पोटं बिघडायची, आणि त्याच महिन्यात रात्रपाळीच्या मावशींचा पगार करायला मी लोकांना फोन लावत बसायचो. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीलाही तेच, बिस्किटांचे पुडे आणि वह्या. मुलांना फिट्स येतात त्याच्या गोळ्या रोज लागतात, मोठ्या मुलांना डायपर लागतात, लाइट बिल दर महिन्याला येतं, गॅस संपतो, पण ह्यातल्या कशावरच कोणाच्या वडिलांचं नाव टाकता येत नाही म्हणून त्याला कोणी देत नाही. देणाऱ्यांचं मन चांगलंच असतं हो, त्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं एवढंच. म्हणून माझी कळकळीची विनंती, दोनच संस्था निवडा, दोघींना दरमहा हजार-हजार बँकेतून आपोआप जाऊ द्या, निदान पाच वर्षं, आणि 'कशासाठीही वापरा' असं लिहून द्या. दरमहा येणार हे माहीत असलेले हजार रुपये खजिनदाराला एकदम आलेल्या पंधरा हजारांपेक्षा जास्त कामाला येतात, कारण त्याच्या भरवशावर माणूस कामावर ठेवता येतो. सासऱ्यांची तिथी करायचीच असेल तर जरूर करा, फक्त आधी फोन करून विचारा की त्या दिवशी जेवण हवंय का किराणा.

संस्था कशी पारखायची? धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर विचारा, बऱ्याचदा ई किंवा एफ ने सुरू होतो आणि पुढे कंसात जिल्हा असतो. मग मागच्या दोन-तीन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट मागा. त्यात शेड्युल आठ म्हणजे ताळेबंद आणि शेड्युल नऊ म्हणजे जमाखर्च. नऊमध्ये खर्चाच्या बाजूला आस्थापना खर्च वेगळा दिसेल आणि ट्रस्टच्या उद्देशांवरचा खर्च वेगळा, त्यात शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत असे पोटभाग असतात. इथे लोक एक चूक करतात, पगाराचा आकडा मोठा दिसला की लगेच 'पैसे पगारातच जातात' म्हणून नाव खोडतात. अहो, जिथे माणसांना सांभाळायचंय तिथे पगार हेच काम आहे! आठमध्ये मात्र नीट बघा, बँकेत कोट्यवधींच्या ठेवी पडून आहेत आणि दरवर्षी वाढतायत तर तिथे तुमच्या हजार रुपयांची गरज नाही, दुसरीकडे द्या. आणि रिपोर्ट मागितल्यावर कोणी चिडलं तर तिथून निघा. आता २०२७ च्या कुंभमेळ्याच्या नावाने अन्नदानाची पावतीपुस्तकं भरपूर फिरतील, तेव्हा हा नंबर विचारायची सवय उपयोगी पडेल.

विषय कुठला निवडायचा ते तुमचं मन कुठे ओढतं त्यावर. मी स्वतः एक आपल्या जवळचं आणि एक दुर्लक्षित भागातलं असं धरतो. आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकला पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि मे महिन्यात बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात, कारण खाली काळा कातळ आणि तीव्र उतार, पाणी थांबतच नाही, पश्चिमेला गुजरातकडे वाहून जातं. तिथल्या पाड्यांवर पाणी पोचवायचं काम नाशिकच्या सोशल नेटवर्किंग फोरम ह्या संस्थेसारखे लोक करतायत. दिवाळीला गाडी भरून जुने कपडे नेण्यापेक्षा असल्या कामाला दिलेलं मला बरं वाटतं, एक पाइपलाइन झाली की पोरी शाळेत वेळेवर जातात. पण सगळंच असं मोजता येत नाही हेही लक्षात असू द्या. रजनीताई लिमयांनी नाशिकमध्ये मतिमंद मुलांसाठी उभी केलेली प्रबोधिनी घ्या किंवा तशा दुसऱ्या संस्था, तिथल्या कितीतरी जणांना आयुष्यभर कोणाची तरी सोबत लागणार असते. 'इम्पॅक्ट काय' असं तिथे विचारलं तर उत्तर एवढंच, की तो आज स्वच्छ आहे, जेवलाय आणि घाबरलेला नाही. मला ते पुरेसं आहे.

दोन संस्थांना २४,००० गेले, उरलेले १२,००० हाताशी ठेवा, कोणाची फी, कुठे पूर, आणि ते ऑपरेशनचे मेसेज. त्या मेसेजमधल्या पर्सनल यूपीआयवर पाठवू नका, हॉस्पिटलला फोन करून पेशंटच्या बिलात जमा करा. आणि त्याआधी नातेवाइकांना विचारा की सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, आणि हॉस्पिटल धर्मादाय आहे का, कारण धर्मादाय हॉस्पिटलला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं, तिथल्या सोशल वर्करला भेटायला सांगितलंत तरी तुमच्या पाच हजारांपेक्षा मोठी मदत होऊन जाते.

मुलीला न्या, जरूर न्या, पण तिच्या वाढदिवसाला नको. अनोळखी मुलीच्या केकसमोर रांगेत उभं राहून टाळ्या वाजवायला लावलेली मुलं मी बघितलीत, फोटो होईपर्यंत थांबायचं आणि मग तुकडा मिळणार, फार वाईट वाटतं. एखाद्या साध्या शनिवारी फोन करून जा, हातात काही नेऊ नका, तासभर त्यांच्याबरोबर कॅरम खेळू दे तिला. आणि एप्रिलमध्ये आकडा लिहायला बसाल तेव्हा तिलाही शेजारी बसवा, त्या १२,००० पैकी हजार कुठे द्यायचे ते तिला ठरवू द्या.