एक जुलैच्या आधी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

एक जुलैपासून क्लबचं अध्यक्षपद तुझ्याकडे येणार, हे समजलं. आता महिनाभर पदग्रहणाचा हॉल, फेटे, डिस्ट्रिक्टचे पाहुणे आणि जेवणाचा मेनू यातच तुला गुंतवून ठेवतील. गुंत की, खरं त्यातून एक संध्याकाळ काढ आणि वर्षभराचे कार्यक्रम गावाच्या तारखांनी लावून घे.

रोटरी असो की लायन्स, वर्ष एक जुलैला सुरू होतं. आपल्या कर्नाटकातल्या सरकारी शाळा मात्र मेअखेरीला नाहीतर जून लागता लागता उघडतात. नवा अध्यक्ष वह्या वाटायला निघतो तोवर बापानं उसनवारी करून त्या आणलेल्या असतात. मग ऑगस्टमध्ये त्याच पोराच्या हातात आणखी सहा वह्या, फोटोसकट. पुस्तकं आणि गणवेश सरकार देतं. वह्या लागतात, पण मेमध्ये लागतात. तुझ्या वर्षात मे शेवटाकडे येतो. तेव्हा मेंबरांचा उत्साह ओसरलेला असतो आणि खातंही. म्हणून ते पैसे आत्ताच बाजूला काढ. कुणाला किती लागतात ते परीक्षा संपायच्या आत हेडमास्तरांना आणि एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीतल्या, लोकांना विचार. बाहेरून बघून आपल्याला ते कळत नाही.

रक्तदानाचंही तसंच. पंधरा ऑगस्टला आणि दोन ऑक्टोबरला बेळगावात जिकडेतिकडे शिबिरं. पिशवीतल्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर जेमतेम ५ दिवस. एकाच आठवड्यात रक्ताचा ढीग लागला तर त्याचं करायचं काय? आणि एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, माणसं लग्नात नि जत्रेत, तेव्हा नातेवाईक रक्तपेढीच्या दारात बसून असतात. रक्तपेढीला आधी फोन करून विचार, कुठल्या महिन्यात आणि किती पिशव्या हव्यात. त्यांनी तीसच म्हटलं तर तीसच घ्यायच्या. शंभराचा आकडा बातमीत बरा दिसतो, एवढंच. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं, तेव्हा नावांची वही ठेव.

डोळ्यांच्या शिबिराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण क्लबाची खरी परीक्षा तिथं होते. कणकुंबी, जांबोटीकडं पावसाळ्यात शिबिर ठेवू नकोस. म्हातारी माणसं तेवढ्या पावसात यायची नाहीत. सुगीतही नको. घरातली सगळी भात कापायला शेतात गेली की पोरं आणि गुरं म्हाताऱ्यावरच असतात. डिसेंबर उजाडू दे. तपासणीच्या दिवशी गर्दी होतेच, त्यावर जाऊ नकोस. मोतीबिंदू निघालेल्यांपैकी ऑपरेशनला किती पोचले, ते मोज. मधेच गळतात ती भीतीनं, सोबत यायला कुणी नाही म्हणून, नाहीतर शुगर वाढलेली निघते आणि परत पाठवतात. शुगर-बीपी गावातच तपासून घे. आशाताईंना सुरुवातीपासून बरोबर घे. कुणाच्या घरात काय चाललंय ते त्यांना ठाऊक असतं. ऑपरेशननंतर काही आठवडे थेंब घालावे लागतात, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा दाखवायला यावं लागतं. त्या फेऱ्यांच्या गाडीचा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धर. बहुतेक क्लब नेमका तोच विसरतात.

बॅनर आणि चिठ्ठ्या कन्नड-मराठी दोन्हीत. थेंबांच्या चिठ्ठीवर तर सूर्य-चंद्रही काढ. वाचता न येणारी माणसं दोन्ही भाषांत आहेत. एक नोव्हेंबरला मात्र काहीच ठेवू नकोस. त्या दिवशी एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिवस. आपल्या क्लबात दोन्हीकडची माणसं आहेत आणि दोघांचंही रक्त आपल्याला लागतं.

पैशाचं थोडक्यात. मेंबरांच्या वर्गणीतून जेवणं आणि हॉल. लोकांनी सेवेसाठी दिलेला रुपयाही त्यात जाता कामा नये. खाती दोन, पावतीपुस्तकं दोन. दोन हजारांवरची देणगी रोखीनं दिली तर देणाऱ्याला आयकरात देणगीची सवलत मिळत नाही, हे त्याला घेण्याआधीच सांग. मार्चमध्ये वाद नको. बँकेतल्या सह्या बदलायचा ठराव पहिल्याच मीटिंगमध्ये करून घे.

शाळांना पाणी शुद्ध करायची मशीनं देऊ म्हणून कुणीतरी उठणारच. फिल्टर कोण बदलणार आणि कशातून, हे तीन वर्षांपुरतं कागदावर आलं तरच हो म्हण. आधी दिलेल्यांपैकी किती चालू आहेत, ते एकदा फिरून बघून ये. खानापूरकडं जाणार असशील तर कळव, गाडीत मीही बसतो.

तुझा,
क्लबाचा जुना सेक्रेटरी