वाचकांचे प्रश्न : चकाकणारी, पण खरखरणारी रेकॉर्ड

प्रश्न : वापरलेल्या जॅझ रेकॉर्ड जमवायला मी नुकतीच सुरुवात केली आहे. ब्लू नोट कंपनीची एक जुनी मोनो (एकाच ध्वनिवाहिनीची) रेकॉर्ड चकचकीत दिसते, परंतु ट्रम्पेटच्या चढ्या सुरांवर खरखरते. धुतल्याने ती सुधारेल का? ती मूळ आवृत्तीची आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : शांत जागीही तडतड ऐकू येत असेल, तर दोष बहुधा धुळीचा असतो आणि धुतल्याने तो बराच कमी होतो. मात्र खरखर केवळ चढ्या सुरांवर, विशेषतः लेबलाजवळच्या खाचांमध्ये येत असेल, तर पूर्वीच्या जड टोनआर्मने (सुई धरणाऱ्या दांड्याने) आणि झिजलेल्या सुईने खाचांच्या भिंती खरवडल्या असण्याचा संभव अधिक. ही झीज कोणत्याही द्रावणाने भरून येत नाही. तरीही वेगळ्या आकाराची सुई लावून पाहावी, कारण ती भिंतीच्या न झिजलेल्या भागाला टेकली, तर आवाज आश्चर्य वाटावे इतका सुधारतो.

आवृत्ती ओळखण्यासाठी शेवटची खाच आणि लेबल यांमधला कोरा पट्टा तिरप्या उजेडात पाहावा. तेथे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची आद्याक्षरे असली, तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण त्याच साच्यांवरून पुढेही प्रती निघाल्या. १९६६पर्यंत ब्लू नोटसाठी प्लास्टिलाइट कारखान्यात दाबलेल्या प्रतींवर आढळणारी कानाच्या आकाराची बारीक खूण हा मला त्याहून भरवशाचा पुरावा वाटतो.