आजच्या पीडीएफ फाइली ३० वर्षांनी उघडतील का? घरची कागदपत्रं कशी जपावीत?

हो, उघडतील, पण जपायची प्रत साध्या पीडीएफऐवजी पीडीएफ/ए या, दीर्घकाळ जपण्यासाठीच बनवलेल्या प्रकारात ठेवा. १९९३ साली अडोबीने आणलेला पीडीएफ हा फॉरमॅट २००८पासून आयएसओ ३२००० हे खुलं आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे त्याचं भवितव्य एका कंपनीच्या हाती उरलेलं नाही. २०१७मध्ये पीडीएफ २.० आली, तरी १९९०च्या दशकातल्या फाइली आजही उघडतात. दगा देतात त्या फाइलीबाहेरच्या गोष्टी: न जोडलेला फॉन्ट, विसरलेला पासवर्ड, फ्लॅशचे व्हिडिओ, आणि पीडीएफ २.०ने बाद ठरवलेले एक्सएफए (अडोबीच्या जुन्या पद्धतीचे भरायचे) फॉर्म. पीडीएफ/एमध्ये फॉन्ट आतच असावे लागतात. एन्क्रिप्शन (पासवर्डचं कुलूप) आणि जावास्क्रिप्ट (फाइलीत चालणारा प्रोग्राम) चालत नाही.

लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये अशी फाइल बनवायला:
- फाइल → एक्सपोर्ट ॲज → एक्सपोर्ट ॲज पीडीएफ
- ‘जनरल’ टॅबमध्ये ‘आर्काइव्हल’वर खूण करून पीडीएफ/ए-२बी निवडा
- तयार फाइल व्हेरापीडीएफ या मोफत साधनाने तपासा. नुसत्या नावावर विसंबू नका

मात्र ‘२बी’मधली ‘बी’ पातळी पान जसंच्या तसं दिसण्याची हमी देते, मजकुराची नाही. मराठीत हा फरक फार महागात पडतो. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या दिसतात त्या क्रमाने मांडलेल्या असतात. ‘कि’मधली वेलांटी ‘क’च्या आधी येते, जोडाक्षराची एकच आकृती असते. त्यामुळे कॉपी करताना किंवा शोधताना शब्द मोडतात. जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला जागतिक संकेत) नसलेल्या फॉन्टमध्ये तर हाती निव्वळ रोमन चिन्हं लागतात. म्हणून पीडीएफसोबत मूळ युनिकोड ओडीटी (लिबरऑफिसची) किंवा डॉकएक्स (वर्डची) फाइलही जपाच.