पेंड वाढवूनही गाईंच्या दुधातलं प्रोटीन का वाढत नाही?

पेंड दीडपट केली तरी कळपाचं प्रोटीन 2.9 टक्क्यांवरून हलत नाही, आता आणखी काय घालू, असं तुम्ही विचारलंय. आणखी पेंड तर नकोच. गाईला ऊर्जा पुरतेय का ते आधी बघा. मीही वर्षभर पेंडच वाढवत होतो. दुधातला युरिया तेवढा चढला, प्रोटीन होतं तिथंच.

पेंडीतलं प्रोटीन सरळ दुधात उतरत नाही. कोटीपोटातले (गाईच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) जीवाणू त्याचा बराचसा भाग फोडून अमोनिया करतात, त्यातूनच स्वतः वाढतात आणि पुढे आतड्यात स्वतःच पचतात. गाईला मिळणारी निम्मी किंवा त्याहून जास्त अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे घटक, या जीवाणूंमधून येतात. पण त्यांना वाढायला स्टार्च आणि लवकर पचणारा चारा लागतो. तो कमी पडला की अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं, आणि त्यातही गाईचीच ऊर्जा खर्ची पडते.

म्हणून सुरुवात वैरणीपासून करा. जून, काडी झालेला चारा पोट भरतो, ताकद देत नाही. मुरघासाचा मका दाणा नीट भरल्यावरच कापा, कोवळ्यात स्टार्च फारसा नसतो. मक्याचा भरडा वाढवायचा तर दहा-बारा दिवसांत, थोडा थोडा. रवंथ कमी झाली, शेण पातळ पडलं किंवा फॅट प्रोटीनच्याही खाली आलं, तर लगेच हात आखडता घ्या. ती कोटीपोटातल्या आम्लतेची लक्षणं आहेत. ऊर्जेसाठी बायपास फॅट (कोटीपोटात न फुटता पुढे जाणारी चरबी) देत असाल तर त्यानं प्रोटीनची टक्केवारी उलट थोडी उतरते. लायसिन-मेथिओनिन या खास अमिनो आम्लांचा विचार हे सगळं जमल्यावर.

एकत्र दुधाच्या आकड्यावर मात्र जाऊ नका, गाईवार तपासा. व्यायल्यानंतर पाचव्या ते आठव्या आठवड्यात प्रोटीन तसंही तळाला असतं. त्या काळात फॅट प्रोटीनच्या दीडपट झालं, तर गाय अंगावरची चरबी जाळतेय. कासदाह असेल तर प्रोटीनचा आकडा फारसा पडत नाही, पण त्यातलं केसिन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रोटीन, घटतं.

खुराकानं साधारण 0.1 ते 0.3 टक्का फरक पडतो. त्यापुढची वाढ वंशातून येते, म्हणून यापुढे रेतन करताना वळूच्या मुलींच्या दुधातलं प्रोटीन आवर्जून विचारा.