चार आणि नऊ वर्षांच्या मुलांसाठी परड्यात ट्रॅम्पोलीन घ्यावं का?

ताई, आधी थेट उत्तर देते. धाकटा आत्ता ४ वर्षांचा आहे, तो सहाचा होईपर्यंत हे ट्रॅम्पोलीन घरात आणू नका. मोठीचा विचार करता येईल, पण ती एकटीच उड्या मारणार असेल तरच. आणि हे 'एकटीच' तुमच्या घरात खरंच पाळलं जाईल का, एवढ्या एकाच गोष्टीवर निर्णय घ्यावा असं मला वाटतं. जाळी, गादी, किंमत, कंपनी हे सगळं त्यानंतर.

तुम्ही लिहिलंय की कळंब्याला स्वतंत्र घर आहे, मागं मोकळं परडं आहे, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. पुण्याचे दीर मुलीच्या वाढदिवसाला दहा फुटी ट्रॅम्पोलीन पाठवणार आहेत. भोवतीनं जाळी आहे, त्यामुळं दुकानदार 'एकदम सेफ' म्हणतोय. सासूबाईंना मात्र भीती वाटते आणि मिस्टरांना ती भीती उगाचची वाटते. सासूबाईंचं बरोबर आहे. मी इथं कोल्हापुरातच फिजिओथेरपिस्ट आहे. प्लास्टर निघाल्यावर आखडलेला कोपर, गुडघा मोकळा करायला मुलं माझ्याकडं येतात. त्यामुळं या विषयावर मला शांतपणे 'बघा तुमचं तुम्ही' असं म्हणता येत नाही.

बहुतेक आईवडलांना धोका म्हणजे 'बाहेर पडणं' एवढाच वाटतो, म्हणून सगळे जाळीबद्दल विचारतात. पण जास्त दुखापती मॅटवरच, म्हणजे स्प्रिंगांना ताणून बांधलेल्या उड्या मारायच्या कापडावरच होतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं, २०१२ साली याबद्दल सविस्तर भूमिका मांडली. त्यांच्या मांडणीनुसार सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकापेक्षा जास्त जण एकाच वेळी उड्या मारत असताना झालेल्या असतात. आणि त्यात जे मूल सगळ्यांत लहान आणि हलकं, त्याला इजा होण्याची शक्यता मोठ्यापेक्षा १४ पट. तुमच्या घरात ते मूल कोण, हे सांगायला नकोच.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे मिस्टरांनाही पटवता येईल. नऊ वर्षांची मुलगी साधारण २७-२८ किलोची असते, चार वर्षांचा मुलगा १५-१६ किलोचा. मुलगी मॅटवर आदळली की मॅट खाली जातं, स्प्रिंगा ताणल्या जातात आणि तो सगळा जोर परत वर येतो. ती एकटी असेल तर तो जोर तिचा तिलाच मिळतो, आणि तिच्या शरीराला त्याचा अंदाज असतो. शेजारी भाऊ असेल तर त्यातला बराच जोर त्याच्या पायाखाली जातो. स्वतःच्या ताकदीनं तो जेवढा उडाला असता त्याच्या कितीतरी वर, आणि तेही तिरका, फेकला जातो. याहून वाईट म्हणजे तो खाली येत असताना मॅट वर येत असेल तर. त्या क्षणी मॅट मऊ नसतं. फरशीवर पाय आपटावा तसा दणका बसतो आणि तो थेट नडगीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा खाली जातो. लहान मुलांच्या त्या ठिकाणच्या मोडीला डॉक्टर मंडळी 'ट्रॅम्पोलीन फ्रॅक्चर' म्हणतात. मूल ट्रॅम्पोलीनवरून खाली पडलेलं नसतं, कुणावर आदळलेलंही नसतं. नुसतं उड्या मारत असतं आणि एकदम पाय धरून बसतं.

यात मोठ्या बहिणीनं काहीच चुकीचं केलेलं नसतं, पण ते तिला पटत नाही. आईबरोबर दवाखान्यात आलेली मोठी भावंडं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून धाकट्याच्या पायाकडं कशी बघत असतात, ते मी बघते. तिच्याच वाढदिवसाच्या भेटीपायी तिच्यावर ही वेळ येऊ नये.

वयाबद्दल स्पष्ट सांगते. सहा वर्षांखालच्या मुलांना ट्रॅम्पोलीन नको, असं अमेरिकेतल्या हाडांच्या डॉक्टरांची संघटनाही सांगते. तिथल्या उत्पादन मानकातही २० इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५१ सेंटिमीटरपेक्षा, उंच ट्रॅम्पोलीन सहा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही अशी सूचना आहे. दहा फुटी ट्रॅम्पोलीन त्याहून उंचच असतं. बालरोगतज्ज्ञांची भूमिका तर माझ्याहून कडक आहे: करमणुकीसाठी घरी ट्रॅम्पोलीन कुठल्याच वयात नको. मोठीच्या बाबतीत मी थोडी सैल बोलतेय, कारण एकट्या मुलानं साध्या सरळ उड्या मारल्या तर मुख्य धोका बराच कमी होतो असं मला वाटतं. पण तुमच्यापासून त्यांचं मत लपवून ठेवणं बरोबर नाही.

आता जाळी. जाळी अजिबात कुचकामी आहे असं मी म्हणत नाही. बाहेर पडून होणाऱ्या दुखापती एकूण दुखापतींच्या २७ ते ३९ टक्के सांगितल्या जातात, म्हणजे तोही धोका थोडा नाही. पण जाळी लावल्यामुळं एकूण दुखापती घटल्या, असं बालरोगतज्ज्ञांना ठामपणे दिसलेलं नाही. आतल्या आत एकमेकांवर आदळणं जाळी थांबवत नाही. शिवाय मुलं जाळीला लोंबकळतात, तिच्यावर मुद्दाम अंग टाकतात, वर चढतात. आणि जाळी आहे म्हणून मोठी माणसं निर्धास्त होऊन आत जातात, याची मला जास्त काळजी वाटते.

'आम्ही समोर बसून राहू' असं मिस्टर म्हणतात ना? तेही पुरेसं नाही. एक तृतीयांश ते निम्म्या दुखापती कुणीतरी मोठं माणूस लक्ष ठेवून असतानाच झालेल्या आहेत. ज्या क्षणी पाय मुडपतो त्या क्षणी तुमचा हात तिथं पोहोचणं शक्यच नसतं. मोठ्या माणसाचा उपयोग नियम मोडू न देण्यासाठी आहे.

आणि नियम एकच: एका वेळी एक. आपल्याकडची खरी अडचण इथंच आहे. मे महिन्याच्या सुट्टीत नणंदेची मुलं येणार, जावेची येणार, गल्लीतली चार पोरं 'काकू, जरा उड्या मारू?' म्हणत फाटकाशी उभी राहणार. आपल्या घरात पाहुण्यांच्या मुलाला 'खाली उतर' म्हणणं किती जड जातं ते तुम्हाला माहीत आहे. त्यातून त्याची आई शेजारी चहा घेत बसलेली असली तर विचारूच नका. म्हणून स्वतःला विचारा, घरात असं माणूस आहे का, जे भर पाहुण्यांत, कुणाला राग येईल याची पर्वा न करता, दर वेळी नाही म्हणेल? सासूबाई म्हणतील असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. पण त्यांनी रोज संध्याकाळी पहारा द्यायचा का, हाही प्रश्नच आहे.

कोलांटी उडीबद्दल तर वादच नको. ट्रॅम्पोलीन २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून अधिकृत खेळ आहे. त्या खेळाडूंनी प्रशिक्षकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं सराव केलेला असतो, भोवती गाद्या असतात, धरायला माणसं असतात. आपली मुलं मोबाइलवर व्हिडिओ बघून तेच करायला जातात. मानेवर पडलं तर मणक्याला इजा होऊ शकते, आणि तिथं माझ्यासारखीच्या हातात फार थोडं उरतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते, कारण परडं लहान पडलं की लोक हाच मार्ग काढतात. गच्चीवर ट्रॅम्पोलीन कधीही, कुठल्याही परिस्थितीत लावू नका. कठडा माणूस जमिनीवर उभा आहे असं धरून बांधलेला असतो. ट्रॅम्पोलीनवरच्या मुलाचे पायच कठड्याच्या वर जातात.

हे सगळं वाचूनही मोठीसाठी घ्यायचंच ठरलं, तर पुढचं बघा. चारही बाजूंनी निदान दोन-अडीच मीटर मोकळी जागा हवी. कंपाउंडची भिंत, आंब्याची फांदी, कपडे वाळत घालायची तार, बोअरचा पाइप, पाण्याची टाकी, यांतलं काही त्या पट्ट्यात नको. वर विजेची किंवा केबलची तार नको. खाली शहाबादी किंवा पेव्हिंग ब्लॉक नकोत, हिरवळ किंवा मऊ माती हवी. स्प्रिंगांवरची गादी पूर्ण झाकणारी आणि घट्ट बांधलेली असावी, आणि जाळी शक्यतो स्प्रिंगांच्या आतल्या बाजूनं असावी, म्हणजे पाय स्प्रिंगांत जात नाही. शिडी काढून घरात ठेवा. ही साधी गोष्ट धाकट्यासाठी फार महत्त्वाची आहे, कारण शिडी असली की तो तुम्ही पोळ्या करत असताना चढणारच. कुणी उड्या मारत असताना खाली चेंडू आणायला घुसायचं नाही, हेही त्याला बजावा. मॅट खाली दबतं आणि डोक्यावर बसतं.

आपल्या हवेचा विचार दुकानदार करत नाही. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा आधी वारा किती सुटतो ते कळंब्याला राहून तुम्ही बघताच. पत्रे उडतात तिथं जाळीसकट उभं असलेलं ट्रॅम्पोलीन शिडासारखं वारा धरतं. ते जमिनीत खुंट्या मारून बांधलेलं हवं. पावसाळ्यात तर ते सोडवून आत ठेवणंच बरं. जून ते सप्टेंबर भिजत राहिलं की स्प्रिंगा आणि सांध्यांचे नट गंजतात, आणि खाली काळी माती असेल तर ती फुगून एखादा पाय खचतो आणि चौकट तिरकी होते. उन्हाळ्यातल्या उन्हानं जाळीचा आणि शिलाईचा दोरा कुजतो. वरून चांगला दिसतो, बोटानं ओढला की तुटतो. म्हणून वापराआधी दर वेळी हातानं चाचपून बघायचं. जुनं, कुणाचं तरी वापरलेलं मिळत असेल तर मुळीच घेऊ नका.

आणि कुठंही, अगदी वाढदिवसाला नेलेल्या प्ले झोनमध्येसुद्धा, लागलं तर काय करायचं ते ऐकून ठेवा. तिथंही लहानमोठी मुलं एकत्र सोडलेली असतात. पडल्यावर मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा बधिर वाटत असेल, तर मुलाला उचलून बसवू नका. आहे तसं झोपू द्या, डोकं-मान हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. हात-पाय सुजला असेल तर चोळायचं नाही. तेल लावून मालीश, हाडवैद्याकडून ओढून घेणं, हे आपल्याकडं अजून सर्रास चालतं. मोडलेल्या हाडाची त्यानं वाट लागते. पट्टीनं किंवा जाड पुठ्ठ्यानं आधार देऊन सरळ हाडांच्या डॉक्टरांकडं जा.

लहान मुलांचं आणखी एक. गुडघ्याखालची ती मोड कधी कधी इतकी बारीक असते की पहिल्या एक्स-रेत पटकन लक्षात येत नाही. 'काही नाही, मुका मार आहे' म्हणून घरी आलात आणि पोरगं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही पाय टेकत नसेल, तर ते नखरे करतंय असं समजू नका, परत दाखवा. ते हाड जुळल्यावर पुढं काही महिन्यांत पाय गुडघ्यात थोडा आत झुकल्यासारखा दिसू शकतो. बहुतेक मुलांत काही वर्षांत तो आपोआप सरळ होतो, पण डॉक्टरांनी दिलेल्या तपासणीच्या तारखा चुकवू नका.

राहता राहिले दीर. त्यांनी प्रेमानं देऊ केलंय, नाही म्हणायला तुम्हाला अवघड वाटतंय, ते कळतंय. तुम्ही एकट्या बोलू नका, मिस्टरांना बोलायला लावा. 'धाकटा सहा वर्षांचा होईपर्यंत डॉक्टर नको म्हणतात' एवढं सांगितलं तर कुणाला वाईट वाटण्यासारखं त्यात काही नाही. त्याच पैशांत मुलीला जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला घालता येईल. उड्या मारायची हौस असलेल्या मुलीला तिथं पडायचं कसं हे आधी शिकवतात, आणि ते तिला जन्मभर उपयोगी पडेल. फी भरण्याआधी एक दिवस वर्ग नुसता बघून या. गाद्या पुरेशा जाड आहेत का, एका उपकरणावर एकाच वेळी दोन मुलं सोडतात का, प्रशिक्षक उभे कुठं राहतात, ते बघा.

धाकट्यासाठी परड्याच्या एका कोपऱ्यात आठ बाय आठ फुटांचा चौकोन खणून घ्या, खडे वेचून चाळलेली मऊ लाल माती टाका, आणि विटांच्या कडेऐवजी जुने टायर अर्धे पुरा. तालमीच्या गावात मातीत उड्या मारणाऱ्या पोराला कुणी नावं ठेवणार नाही. ती माती आठवड्यातून एकदा फावड्यानं हलवत जा, नाहीतर ती घट्ट बसते. आणि रात्री वर ताडपत्री टाका, मांजरं घाण करतात.