आधी ईटीसीला जाऊन या ताई

ताई, मुलाला ऑटिझम किंवा तसं काही अपंगत्व असल्याचा रिपोर्ट हातात आला की डोकं सुन्न होतं, माहितीये मला, पण आधी वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे तिथे जाऊन या. थेरपी, स्पेशल टीचर एकाच जागी आहेतच, पण खरं म्हणजे बाहेर बाकावर बसलेले आईबाबा भेटतात, कुठला डॉक्टर नीट ऐकून घेतो, कुठली शाळा खरंच सांभाळून घेते हे तेच सांगतात, त्यांचे नंबर घेऊन ठेवा.

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा फॉर्म ऑनलाइन लगेच भरा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम, लर्निंग डिसॅबिलिटी धरून अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि सर्टिफिकेटवर अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हे शाळेत ठामपणे बोला. "आमच्याकडे सोय नाही" असं तोंडी सांगून परत पाठवलं तर तेच लेखी मागा. ऑटिझम असेल तर केंद्र सरकारचा निरामय आरोग्य विमा काढाच, वर्षाला 1 लाखापर्यंत आहे, थेरपीचाही थोडा खर्च निघतो.

आणि सासूबाईंना एकदा थेरपीला सोबत न्या हो, "मुलगे उशिराच बोलतात" हे घरात रोज चालू असतं ना, ते तिथे बसून बघितल्यावरच थांबतं.