कैदी वॉर्डातली पहिली नोंद

प्रिय मुली,

सोमवारपासून तुझी ड्युटी मनोरुग्णालयाच्या कैदी वॉर्डात लागली म्हणे. फोनवर तू आधी विचारलंस ते गुन्ह्याचं. कैदी पेशंट कुणावर हात उगारतो का, स्वतःला इजा करतो का, एवढं गार्डकडून आणि केसपेपरवरून जाणून घे. बाकीचं नंतर वाच. गुन्हा मनात ठेवून गेलीस, तर त्याचं गप्प बसणंही मुजोरी वाटेल. हातात बेडी असली तरी त्याला 'तुम्ही' म्हण. तू कोण आहेस आणि तो बोलेल त्यातलं काही कोर्टात जाऊ शकतं, हे आधीच सांग.

कोर्टापुढे दोन वेगळे प्रश्न असतात. आज त्याला खटला समजतो का, स्वतःचा बचाव करता येईल का, हा एक. दुसरा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतल्या ८४ चा: कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे मनोविकारामुळे त्याला कळतच नव्हतं का? निर्णय कोर्टाचा, मत मानसोपचारतज्ज्ञांचं. पण औषधं लागू पडली की माणूस बदलतो. काही महिन्यांनी तो पिंजऱ्यात शांत उभा असतो, आणि दाखल झाला त्या रात्री कसा होता हे फक्त तुझ्या नोंदीत उरतं. म्हणून 'भ्रम आहेत' एवढंच लिहू नकोस. त्याचेच शब्द लिही, वेळ घाल, झोपला किती, जेवला का तेही लिही.

मी एकदा 'नाटक करतो' असं लिहिलं होतं. अटक होऊन तीन दिवस झालेला माणूस, रात्रभर अंगावरचे किडे झटकत होता, किडे नव्हतेच. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी सुटली होती. घाम, थरथर, धावती नाडी, सगळं समोर होतं आणि मी नाडी मोजलीच नाही. सकाळी डॉक्टरांनी डिलिरियम ओळखला, म्हणजे दारू तुटल्यामुळे भान हरपून नसलेलं दिसणं. त्यात जीवही जातो. तेव्हापासून 'ढोंग' हा शब्द मी नोंदीत लिहिला नाही. जे दिसलं तेच लिहिलं.

तारखेहून परतला, जामीन नाकारला गेला, घरचं कुणी भेटायला आलं नाही, अशा रात्री त्याच्या खाटेकडे जास्त फेऱ्या मार. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचार. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याचदा माणूस बोलता होतो.

सेकंदकाट्याचं घड्याळ आहे ना तुझ्याकडे? नसेल तर रविवारी येऊन माझं घेऊन जा.

तुझी,
जुनी इन्चार्ज सिस्टर